इंग्लिश खाडीतल्या शर्यतीची दहा वर्षं

22 ऑगस्ट 1950. फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं काप ग्री-ने हे भूशिर अजून अंधारात होतं. अंगाला लॅनोलिनचे, म्हणजे मेंढीच्या लोकरीतून निघणाऱ्या चरबीचे जाड थर चोपडलेली 24 माणसं पाण्याच्या कडेला उभी होती. त्यात पुरुष होते, तशा बायकाही होत्या. समोर 33 किलोमीटरवर इंग्लंडचा किनारा होता. खाडीत आधीही एकाच दिवशी दोघा-चौघांनी उतरून पाहिलं होतं. पण एका वर्तमानपत्राने जाहीर केलेली, बक्षीस लावलेली, देशोदेशींच्या पोहणाऱ्यांना बोलावणारी शर्यत ही वेगळीच गोष्ट होती. लंडनच्या ‘डेली मेल’ने पहिल्या पुरुषाला आणि पहिल्या स्त्रीला प्रत्येकी हजार पौंड देऊ केले होते.

त्या पहाटेपासून 1959 पर्यंत, मधली खंडाची वर्षं सोडली तर, ही शर्यत होत राहिली. आधी एका वर्तमानपत्राने आणि नंतर सुट्टीच्या छावण्या चालवणाऱ्या एका उद्योजकाने ती भरवली. दोघांनाही आपापल्या धंद्याची जाहिरात हवी होती आणि त्यांनी ते लपवलंही नाही. पण जाहिरातीसाठी मांडलेल्या या खेळाने खाडी कोणाची हा प्रश्नच बदलून टाकला. तोवर खाडी पोहणं हा मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या धाडसी माणसांचा एकेकट्याने करायचा पराक्रम होता. या दहा वर्षांत तिथे नाईलकाठचे सैनिक, ढाक्याचा एक बंगाली तरुण आणि कलकत्त्याची एक विद्यार्थिनी येऊन पोचली.

ही शर्यत एवढी अवघड का होती, हे कळायला खाडीचं पाणी समजून घ्यावं लागतं. नकाशावरचं अंतर फसवं आहे. भरतीचा प्रवाह ईशान्येला उत्तर समुद्राकडे धावतो, ओहोटीचा नैर्ऋत्येला अटलांटिककडे, आणि साधारण सहा-सहा तासांनी त्याची दिशा पालटते. पोहणारा समोर इंग्लंडकडे तोंड करून हात मारत असतो आणि पाणी त्याला आधी उजवीकडे, मग डावीकडे ओढत नेतं. त्याची खरी वाट नागमोडी होते आणि 33 किलोमीटरचे कितीतरी जास्त होतात. म्हणून जाणकार भांगाच्या दिवसांची वाट पाहतात. त्या दिवसांत भरती-ओहोटीची ओढ त्यातल्या त्यात मंद असते. तरीही शेवटच्या टप्प्यावर प्रवाह उलटला, की डोळ्यांसमोर दिसणारा किनारा तासन् तास जवळ येत नाही. ऑगस्टमध्येही पाणी 16-17 अंशांच्या आसपास असतं. त्यात पंधरा तास काढायचे म्हणजे थकव्याच्या आधी थंडीशी झगडा.

शर्यतीसाठी फ्रान्सकडून इंग्लंडकडे ही दिशा निवडली गेली, तिलाही कारण होतं. काप ग्री-ने हा फ्रान्सचा पुढे आलेला सुळका आहे. इंग्लंडकडून येणाऱ्याचा तो नेम चुकला, की दोन्ही बाजूंना किनारा मागे हटत जातो. उलट दिशेने जाणाऱ्याला समोर डोव्हर, फोकस्टोनपासून पुढे लांबवर पसरलेला किनारा मिळतो. प्रवाहाने थोडं वाहवत नेलं तरी पाय टेकायला कुठेतरी जमीन सापडते.

कॅप्टन मॅथ्यू वेब मात्र अवघड दिशेनेच गेला होता. ऑगस्ट 1875 मध्ये तो डोव्हरहून निघाला आणि 21 तास 45 मिनिटांनी कॅलेला पोचला. जेलीफिशच्या डंखांवर ब्रँडीचे घोट घेत, छातीवर पोहत त्याने ते अंतर कापलं. त्याच्यानंतर पुढचा माणूस पार व्हायला 36 वर्षं लागली. 1911 मध्ये टॉमस बर्जेस पार झाला, तोही कितीतरी फसलेल्या प्रयत्नांनंतर. खरा वेग आला तो 1920 नंतर, क्रॉलच्या हातांनी. 6 ऑगस्ट 1926 रोजी न्यूयॉर्कची गर्ट्रूड एडर्ले ही 20 वर्षांची तरुणी साडेचौदा तासांच्या आसपास पार झाली, तेही तोवरच्या सगळ्या पुरुषांपेक्षा कमी वेळात. त्याच मोसमात फ्रान्सच्या जॉर्ज मिशेलने 11 तास 5 मिनिटांचा विक्रम केला. तो पुढे 24 वर्षं कोणालाही मोडता आला नाही.

एवढं नाव मिळू लागलं, तसे खोटे दावेही आले. ऑक्टोबर 1927 मध्ये डॉ. डॉरोथी लोगन या इंग्लिश डॉक्टरबाईंनी 13 तास 10 मिनिटांत खाडी पार केल्याचं जाहीर केलं, एका वर्तमानपत्राचं बक्षीसही मिळवलं आणि काही दिवसांतच सगळा बनाव असल्याची कबुली दिली. अशा दाव्यांवर देखरेख नसल्यामुळे कोणीही काहीही सांगू शकतं, हे दाखवून द्यायचं होतं असं त्यांचं म्हणणं होतं. या प्रकरणाचा फटका बसला तो मर्सिडीज ग्लाइट्झला. ती काही दिवस आधी खरोखर पोहून आली होती. तिच्यावरही संशय घेतला गेला, म्हणून ती पुन्हा थंड पाण्यात उतरली. त्याच वर्षी चॅनल स्विमिंग असोसिएशन स्थापन झाली. नौकेवर निरीक्षक, वेळेची नोंद, नौकेला किंवा माणसाला स्पर्श झाला की बाद, हे नियम पक्के झाले. पुढे शर्यत भरवता आली ती या शिस्तीमुळेच. कोण कुठे आणि कधी पोचला हे ठरवणारी विश्वासाची यंत्रणा नसती, तर 24 जणांचा निकाल कोणी मानला असता?

मग युद्ध आलं. डंकर्कची माघार याच पाण्यातून झाली, कॅलेच्या किनाऱ्यावर जर्मन तोफा बसल्या, समुद्रात सुरुंग पेरले गेले. युद्ध संपल्यावर पोहणारे हळूहळू परतले. 1949 मध्ये यॉर्कशायरचा फिलिप मिकमन हा 18 वर्षांचा पोरगा जवळजवळ 24 तास पाण्यात राहून पार झाला आणि इंग्रजी वर्तमानपत्रांना पुन्हा खाडीची बातमी सापडली. ब्रिटनमध्ये तेव्हा अन्नधान्याचं रेशनिंग अजून चालू होतं. युद्धाने दमलेल्या, शिध्याच्या रांगांना कंटाळून गेलेल्या लोकांना अशा बातम्यांची ओढ होती.

‘डेली मेल’ला असल्या गोष्टींचं वावडं कधीच नव्हतं. 1909 मध्ये खाडी विमानाने ओलांडणाऱ्याला याच वर्तमानपत्राने हजार पौंडांचं बक्षीस लावलं होतं आणि लुई ब्लेरिओने ते जिंकलं होतं. 1950 चा हजारांचा आकडा त्याच परंपरेतला होता.

शर्यतीच्या आधीच एक गंमतशीर आणि बोलकी गोष्ट घडली. कॅलिफोर्नियाच्या सॅन दिएगोची फ्लॉरेन्स चॅडविक ही सौदी अरबस्तानात एका तेल कंपनीत नोकरी करून पैसे साठवत होती आणि कामाच्या वेळेबाहेर पर्शियन आखातात सराव करत होती. तिने शर्यतीसाठी अर्ज केला. तिचं नाव कोणी ऐकलेलं नाही म्हणून संयोजकांनी तो नाकारला. तिने स्वतःच्या खर्चाने नौका ठरवली आणि शर्यतीच्या दोन आठवडे आधी, 8 ऑगस्टला, सुमारे 13 तास 20 मिनिटांत खाडी पार केली. एडर्लेचा स्त्रियांमधला विक्रम तिने एक तासाहून अधिक फरकाने मोडला. ज्यांच्या यादीत तिला जागा मिळाली नव्हती, त्यांना तिचं नाव आता चांगलंच माहीत झालं.

22 ऑगस्टला पाण्यात उतरलेल्या 24 जणांपैकी 9 जण पार झाले. सगळ्यात आधी इंग्लंडचा किनारा गाठला इजिप्तच्या लष्करातल्या हसन अब्देल रहीमने. वेळ 10 तास 50 मिनिटं. मिशेलचा 1926 पासूनचा विक्रम अखेर मोडला. फ्रान्सचा रोझे ल मोर्वां त्याच्यामागून थोड्याच मिनिटांनी आला. दोन माणसं एकमेकांच्या इतक्या जवळून, इतक्या वेगाने येण्याचं कारण शर्यत हेच होतं. एकटा पोहणारा घड्याळाशी झुंजतो, आणि घड्याळ त्याला दिसतही नसतं. आपल्या शेजारच्या नौकेबरोबर कोणी तरी पुढे चाललं आहे ही जाणीव हातांत वेगळंच बळ आणते. त्या सकाळी अब्देल रहीमला हाकणारं कोणी मागे नसतं, तर मिशेलचा विक्रम आणखी काही वर्षं टिकला असता असं मानायला जागा आहे.

स्त्रियांमध्ये पहिली आली यॉर्कशायरमधल्या ड्यूझबरीची आयलीन फेंटन. तिला 15 तास 31 मिनिटं लागली. अमेरिकेतून आलेल्या नावाजलेल्या पोहणाऱ्यांच्या बातम्या वाचत आलेल्या इंग्रजांना आपल्या गिरण्यांच्या गावातली एक साधी मुलगी हजार पौंड जिंकते याचं फार अप्रूप वाटलं. इंग्रज पुरुषांपैकी पार झालेला सॅम रॉकेट पुढे या सगळ्या अनुभवावर पुस्तक लिहिणार होता. त्या पुस्तकाच्या नावातच खाडीच्या थंडीचा उल्लेख आहे आणि ते साहजिकच होतं.

इजिप्तचं यश आकस्मिक नव्हतं. इशाक हेल्मी 1928 मध्ये खाडी पार करणारा पहिला इजिप्शियन ठरला होता, आणि तेव्हापासून तिथे लांब पल्ल्याच्या पोहण्याची एक परंपरा रुजत गेली होती. नाईलचं वाहतं पाणी आणि अलेक्झांड्रियाचा समुद्र हे त्यांचे सरावाचे तलाव. त्यात सैन्यातली नोकरी, म्हणजे शिस्त, वेळ आणि खाण्यापिण्याची सोय. 16 ऑगस्ट 1951 रोजी ‘डेली मेल’ची दुसरी शर्यत झाली, तीही इजिप्तच्याच मारी हसन हमदने 12 तास 12 मिनिटांत जिंकली. त्याच दिवशी इंग्लंडमधल्या ग्रिम्सबीच्या ब्रेंडा फिशरने 12 तास 42 मिनिटांत येऊन स्त्रियांमधला नवा विक्रम केला. म्हणजे एकूण विजेत्यामागून ती अर्ध्याच तासाने किनाऱ्यावर पोचली होती! पुढे काय येणार आहे याची ती खूण होती.

त्या वर्षीच्या निकालाकडे कैरोत केवळ खेळ म्हणून कोणी पाहिलं नसावं. सुएझ कालव्याच्या पट्ट्यात ब्रिटिश फौजा ठाण मांडून होत्या. हमदच्या विजयानंतर दोन महिनेही झाले नाहीत तोच, ऑक्टोबर 1951 मध्ये, इजिप्तने ब्रिटनबरोबरचा 1936 चा करार रद्द केला. ज्या देशाच्या सैन्याने आपली भूमी सोडावी म्हणून आंदोलनं चालली होती, त्याच देशाच्या दारातला समुद्र सलग दोन वर्षं इजिप्तची माणसं सगळ्यांच्या आधी ओलांडत होती.

दोन शर्यतींनंतर ‘डेली मेल’ने हा उद्योग थांबवला. 1953 मध्ये तो उचलला बिली बटलिन यांनी. केपटाऊनमध्ये जन्मलेले बटलिन जत्रेतल्या खेळांच्या गाड्यांपासून वर आले होते. 1936 मध्ये स्केगनेस इथे त्यांनी कामगार कुटुंबांसाठी सुट्टीची छावणी उघडली. एका आठवड्याच्या पगारात एका आठवड्याची सुट्टी, हे त्यांचं गणित होतं. समुद्रकिनारी सुट्टी घालवणाऱ्या लाखो लोकांना आपलं नाव सतत ऐकू यावं, यासाठी समुद्रातल्याच शर्यतीइतकी योग्य जागा कुठली? आता शर्यतीला नियमित रूप आलं. तारीख ठरलेली, नौका आणि निरीक्षक ठरलेले, बक्षिसांची रक्कम आधी माहीत असलेली. दूरच्या देशातल्या एखाद्या पोहणाऱ्याला पैसे जमवण्यासाठी दारोदार फिरताना दाखवायला एक निमंत्रण हातात असे. ‘मी खाडी पोहणार आहे’ या वाक्यावर फार कोणी पैसे देत नाही. ‘मला अमुक तारखेच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचं बोलावणं आहे’ यावर मात्र मंत्री, क्लब आणि वर्तमानपत्रं हलतात.

बटलिन यांच्या पहिल्या शर्यतीत, 1953 मध्ये, पुन्हा इजिप्तचाच अब्देल लतीफ अबू हैफ पहिला आला, 13 तास 45 मिनिटांत. अलेक्झांड्रियाचा हा धिप्पाड माणूस पुढे कित्येक वर्षं लांब पल्ल्याच्या पोहण्यावर राज्य करणार होता. 1955 मध्ये त्याने 11 तास 44 मिनिटांत पुन्हा शर्यत जिंकली. मधल्या 1954 च्या शर्यतीत पोर्तुगालचा जोआकिम बॅप्टिस्टा परेरा अव्वल ठरला. तो तेजू नदीकाठच्या अल्यांद्रा गावचा.

1954 सालाला एक काळी किनारही आहे. टेड मे हा इंग्लंडमधला पोलाद कारखान्यातला कामगार. शर्यतीत त्याला प्रवेश मिळाला नाही. तेव्हा त्याने नौका न घेता, खाण्यापिण्याचं सामान एका हवेच्या ट्यूबवर बांधून ती मागे ओढत, एकट्यानेच फ्रान्सहून निघायचं ठरवलं. तो इंग्लंडला पोचलाच नाही. त्याचं प्रेत नंतर नेदरलँड्सच्या किनाऱ्याला लागलं. खाडी पोहताना गेलेला तो पहिला नोंदलेला बळी. शर्यतीने लोकांच्या मनात पेटवलेली इच्छा शर्यतीच्या यादीत मावत नव्हती. ज्यांना यादीत जागा नव्हती त्यांच्यासाठी नौका नव्हती, निरीक्षक नव्हता. चॅडविककडे साठवलेले पैसे होते. टेड मेकडे तेही नव्हते.

या शर्यतीने घडवलेला सगळ्यात मोठा चमत्कार 1957 चा. त्या वर्षी हवा बिघडली होती. 24 जण पाण्यात उतरले आणि त्यातले फक्त दोघे पलीकडे पोचले. त्यांतली पहिली होती ग्रेटा अँडरसन. दुसरा, केनेथ रे, तिच्या मागून आला. स्त्री-पुरुष एकत्र उतरणाऱ्या शर्यतीत एक स्त्री सगळ्यांच्या पुढे होती, आणि तिच्या मागे उरला होता एकच पुरुष. कोपनहेगनमध्ये जन्मलेल्या ग्रेटाने 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये 100 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक जिंकलं होतं. त्याच ऑलिंपिकमध्ये 400 मीटरच्या प्राथमिक फेरीत ती पाण्यातच बेशुद्ध पडली आणि तिला ओढून बाहेर काढावं लागलं. एका मिनिटाच्या आसपास संपणाऱ्या शर्यतीची राणी 13 तास 53 मिनिटं खवळलेल्या पाण्यात टिकली, आणि त्याच हिमतीने पुढल्या वर्षी पुन्हा आली.

1958 च्या शर्यतीत 39 जण होते. ग्रेटाने या वेळी 11 तास 1 मिनिट घेतलं आणि पुन्हा स्त्री-पुरुष सगळ्यांत पहिली आली. सलग दोन वर्षं. स्त्रियांची अंगातली चरबी, पाण्यावर तरंगण्याची क्षमता, सोसण्याची ताकद याबद्दल तज्ज्ञ नंतर पुष्कळ बोलले. पण एडर्लेपासून फिशरपर्यंत आणि फिशरपासून ग्रेटापर्यंतचा क्रम पाहिला, तर खाडीत ‘स्त्रियांमध्ये पहिली’ हे पद हळूहळू अपुरं पडत गेलं, हे कोणालाही दिसेल.

त्याच शर्यतीत पुरुषांमध्ये पहिला आला ब्रोजेन दास. वेळ 14 तास 52 मिनिटं. तो तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानचा, विक्रमपूरजवळच्या कुचियामोडा गावचा. ढाक्याच्या बुढीगंगेत तो पोहायला शिकला आणि खाडीची तयारी त्याने नारायणगंजहून चांदपूरपर्यंत नदीतून पोहून केली. बंगालच्या नद्या पावसाळ्यात समुद्रासारख्या पसरतात, त्यांची ओढही जबरदस्त असते. पण त्यांचं पाणी कोमट. खाडीच्या थंडीची सवय त्याला तिथे येऊनच करावी लागली. भारतीय उपखंडातला कोणीही तोवर खाडी पोहून गेला नव्हता. म्हणून ढाक्याबरोबर कलकत्त्यातही त्याच्या नावाचा जल्लोष झाला. फाळणीला अकरा वर्षं झाली होती, पण नद्या आणि पोहणारे यांना ती रेषा ओलांडायला वेळ लागला नाही.

महिनाभराने, 27 सप्टेंबर 1958 रोजी, मिहीर सेन डोव्हरहून निघाला आणि 14 तास 45 मिनिटांत फ्रान्सला पोचला. तो खाडी पार करणारा पहिला भारतीय. त्याचा मार्ग मात्र शर्यतीबाहेरचा होता. पुरुलियाचा, कटकमध्ये वाढलेला हा मुलगा बिजू पटनाईक यांच्या मदतीने कायदा शिकायला लंडनला गेला होता. फ्लॉरेन्स चॅडविकबद्दल वाचून त्याने हे वेड घेतलं, अनेकदा अपयश पचवलं आणि शेवटी अवघड दिशेनेच पार झाला. 1959 मध्ये त्याला पद्मश्री मिळाली.

ब्रोजेनच्या यशाबद्दल कलकत्त्याहून एका मुलीने त्याला अभिनंदनाचं पत्र पाठवलं. तिचं नाव आरती साहा. गंगेच्या चांपातला घाटावर पोहायला शिकलेली आरती अकरा वर्षांची असताना 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला गेली होती. तिच्याबरोबर त्या पथकात मुंबईची डॉली नाझीर होती. ब्रोजेनने उत्तरात तिला तूही हे करू शकतेस असं कळवलं आणि पुढल्या वर्षीच्या शर्यतीसाठी तिचं नाव स्वतःच सुचवलं.

तिथून पुढची गोष्ट एका गावाने लेक सासरी पाठवावी तशी आहे. हाटखोला स्विमिंग क्लबचे डॉ. अरुण गुप्ता मुख्य कार्यकर्ते झाले. पैसे जमवण्यासाठी पोहण्याची प्रात्यक्षिकं ठेवली गेली. मिहीर सेननेही मदत केली. तरीही पैसे पुरत नव्हते. शेवटी मुख्यमंत्री बिधानचंद्र रॉय यांनी 11,000 रुपयांची सोय केली. एप्रिल 1959 मध्ये देशबंधू पार्कच्या तलावात ती लोकांसमोर सलग आठ तास पोहली, पुढे सोळा तासही. जुलैत ती डॉ. गुप्तांबरोबर इंग्लंडला निघाली. तिच्याच शर्यतीत उतरणारा बिमल चंद्रही तिला तिथे भेटला. तोही भारताचा.

27 ऑगस्ट 1959 ला, रात्री एकच्या सुमारास, काप ग्री-नेवरून शर्यत सुटली. 58 स्पर्धक, त्यांत 5 स्त्रिया. आरतीची मार्गदर्शक नौका वेळेवर आली नाही आणि तिला 40 मिनिटं उशिरा निघावं लागलं. खाडीच्या घड्याळात 40 मिनिटं म्हणजे फार मोठी गोष्ट असते. ज्या प्रवाहाच्या आधी किनाऱ्याला लागायचं, तो नेमका वाटेत गाठतो. सकाळी अकरापर्यंत ती इंग्लंडपासून पाच मैलांवर आली होती. मग पाणी उलटलं. दुपारी चारपर्यंत, पाच तासांत, तिला त्यातले दोनच मैल कापता आले. ती थांबायला तयार नव्हती, पण नौकेवरच्या लोकांनी तिला स्पर्श केला, म्हणजे बाद केलं. शर्यत अर्जेंटिनाच्या आल्फ्रेदो कामारेरोने जिंकली.

आरती घरी परतली नाही. महिनाभर तिथेच राहून सराव करत राहिली आणि 29 सप्टेंबर 1959 ला पुन्हा काप ग्री-नेच्या पाण्यात उतरली. 16 तास 20 मिनिटं, सुमारे 42 मैलांची नागमोडी वाट, आणि शेवटी सँडगेटचा किनारा. तिथे तिने तिरंगा फडकवला. खाडी पोहून पार करणारी ती पहिली आशियाई स्त्री. वय वर्षं 19. लंडनमधल्या तेव्हाच्या भारतीय उच्चायुक्त विजयालक्ष्मी पंडित यांनी तिचं सगळ्यात आधी अभिनंदन केलं.  1960 मध्ये आरतीला पद्मश्री मिळाली. हा सन्मान मिळवणारी ती पहिली भारतीय महिला खेळाडू. नोंदीत तिचं यशस्वी पोहणं शर्यतीबाहेरचं म्हणूनच लागतं. पण शर्यतीचं बोलावणं नसतं, तर कलकत्त्याच्या तळ्यातली ती मुलगी काप ग्री-नेपर्यंत पोचली असती का, याचं उत्तर देणं कठीण नाही.

1959 नंतर बटलिन यांची शर्यत थांबली आणि खाडी पुन्हा एकट्याने पोहणाऱ्यांकडे परत गेली. शर्यतीत घडलेली माणसं मात्र थांबली नाहीत. ब्रोजेन दासने 1958 ते 1961 या काळात सहा वेळा खाडी पार केली, आणि सप्टेंबर 1961 मध्ये 10 तास 35 मिनिटांची वेळ देऊन अब्देल रहीमचा 1950 चा विक्रम मोडला. पहिल्या शर्यतीत इजिप्तकडे गेलेला विक्रम अकरा वर्षांनी ढाक्याला आला. त्याच महिन्यात अर्जेंटिनाच्या अँतोनियो आबेर्तोंदोने खाडी एका दमात जाऊन-येऊन पोहली, 43 तास 10 मिनिटांत. अबू हैफने 1963 मध्ये मिशिगन सरोवरात 60 मैल पोहून दाखवले.

1967 मध्ये डोव्हरच्या सामुद्रधुनीत जहाजांना जाण्या-येण्याचे वेगळे मार्ग आखले गेले. तेलवाहू जहाजांच्या त्या वाहत्या रांगेत एकाच रात्री पन्नास-साठ पोहणारे आणि त्यांच्या नौका सोडणं आता कोणाच्या मनातही येणार नाही. 1993 मध्ये फ्रेंच सरकारने आपल्या किनाऱ्यावरून पोहायला सुरुवात करण्यावर बंदी घातली, त्यामुळे काप ग्री-नेवरून आता कोणी निघत नाही. सगळे डोव्हरच्या बाजूने निघतात, वेब निघाला होता तसे. मुंबईच्या अनिता सूदने 1987 मध्ये 8 तास 15 मिनिटांत खाडी पार केली. पुण्याच्या रोहन मोरेने 2014 मध्ये ती पार केली आणि 2018 पर्यंत जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्या पोहून पूर्ण करणारा तो पहिला आशियाई ठरला. मुंबईत संक रॉक ते गेटवे आणि धरमतर ते गेटवे या वाटांवर सराव करून दर वर्षी काही मुलंमुली डोव्हरला जातात. त्यांना नौकेसाठी कितीतरी आधीपासून जागा राखून ठेवावी लागते आणि खर्चाची जुळवाजुळव करताना क्लब, शाळा, नगरसेवक, नातेवाईक अशी दारं ठोठावावी लागतात. हाटखोला क्लबच्या कार्यकर्त्यांनी 1959 मध्ये तेच केलं होतं.